हुकूम रद्द होईपर्यंत एफ शार्प

मी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस आहे. (बायकोचं मत वेगळं आहे, पण ते तिला विचारल्याशिवायही कळतं.) तरी त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय एवढं? मी वाजवतो की!"

झालं होतं असं. आमच्या कन्येची पियानोची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. त्यात एक तुकडा दोघांनी मिळून वाजवायचा. वरचा भाग कन्येचा, खालचा तिच्या शिक्षिकेचा. आणि बाई जिन्यावरून घसरल्या! मनगट प्लास्टरमध्ये. साथीला कुणीही चालेल, पण साथीदारच नसेल तर परीक्षा पुढच्या वर्षी, असा निरोप आला. पोरीचा चेहरा एवढासा झाला. वर्षभर घासली होती बिचारी. मीही तिला सोडायला जाऊन मागच्या बाकावर पेपर वाचता वाचता डाव्या हाताचं थोडंफार उचललं होतं. म्हणून म्हणालो.

"तुम्ही?" मायलेकी एकदमच ओरडल्या.

मी ऑफिसात सतरा वर्षं परिपत्रकं सांभाळतो. नियम म्हणजे माझ्या हातचा मळ. क्लासचं पुस्तक घेऊन बसलो आणि तासाभरात सगळं डोक्यात उतरलं. शार्प म्हणजे त्या सुराला लागून उजवीकडची पट्टी, फ्लॅट म्हणजे डावीकडची. एकाच काळ्या पट्टीला एफ शार्पही म्हणतात आणि जी फ्लॅटही. (यात नवल काही नाही. मी ऑफिसात 'हेडक्लार्क' आणि घरी 'अहो, ऐकलंत का'.) आणि मोडक्या खुर्चीसारखं चिन्ह दिसलं की नॅचरल. म्हणजे आधीचा हुकूम रद्द, सूर पूर्ववत.

तिसऱ्या घरात एफवर शार्प आला. (दोन उभ्या रेघांमधली जागा म्हणजे एक घर.) मी काळी पट्टी दाबली. चौथ्या घरात एफ आला, पुन्हा काळी. पाचव्यात, सहाव्यात, काळीच. वर कन्या पांढरा एफ वाजवत होती आणि खाली मी काळा. शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली.

"बाबा, उभी रेघ आली की शार्प संपतो," कन्या म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी."

"तू नीट ऐकलं नसशील. अगं, एकदा निघालेला हुकूम रद्द होईपर्यंत चालूच राहतो! एकोणीस वर्षांपूर्वीचं छत्रीचं परिपत्रक आमच्याकडे अजून लागू आहे. रद्द केल्याचं चिन्ह दाखव, लगेच थांबतो."

चिन्ह नव्हतंच. कन्या उठून आईकडे गेली. मला वाटलं, पटलं. सात दिवस मी तस्साच वाजवत राहिलो. ती मात्र काहीच बोलेना. शहाणी पोर!

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. कन्या नखं खात होती. माझी बायको दवाखान्यात नर्सेसच्या ड्यूट्या लावते, त्यामुळे तिला माणसं वठणीवर आणायची सवय आहे. तिने शांतपणे विचारलं, "मागच्या महिन्यात दाढ दुखत होती तेव्हा किती रजा घेतलीत?"

"एक दिवस. का?"

"दुसऱ्या दिवशी कामावर कसे गेलात? रजा रद्द केल्याचा हुकूम आला होता?"

"हुकूम कशाला लागतो? दिवस संपला, रजा संपली!"

"मग ती उभी रेघ म्हणजे दिवस संपला."

अहाहा! डोक्यात लख्ख उजेड पडला. मधेच आलेला शार्प म्हणजे किरकोळ रजा, घराबाहेर चालायची नाही! ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेला शार्प म्हणजे कायमची बदली! आणि नॅचरल म्हणजे दुपारीच रजा रद्द करून बोलावणं! "अगं, हे आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. आतून शिपायाने 'शू' केलं.

आत गेलो. परीक्षक चष्म्यावरून बघत होत्या. तिसरं घर आलं, काळी पट्टी. रेघ ओलांडली, पांढरी! बघतो तर काय, तिथे नॅचरलचं चिन्हसुद्धा होतं. पुढच्या घरातही, त्याच्या पुढेही. (ज्ञान झालं की माणसाला चिन्हं आपोआप दिसू लागतात, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.) वरचा एफ आणि खालचा एफ असे काही गळ्यात गळे घालून चालले की माझे डोळे भरून आले. शेवटचा सूर विरला आणि परीक्षक चक्क हसल्या. "सुंदर! दोघंही!"

कन्या पहिल्या श्रेणीत पास झाली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रजेच्या नियमांवरून संगीत समजावून दिलं. एकाने तर वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "पुस्तक क्लासला परत द्यायचंय. पेन्सिलीच्या खुणा पुसून ठेवा."

कुठल्या सुराला कुठलं बोट, ते लक्षात राहावं म्हणून लिहिलेले माझे आकडे मी पुसू लागलो. आकड्यांबरोबर पहिला नॅचरल पुसला गेला. मग दुसरा. एकूण अकरा नॅचरल, सगळे पेन्सिलीचे! खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हुकूम रद्द.' पुढे कन्येची सही आणि परीक्षेची तारीख.

"त्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा काढले," कन्या म्हणाली. "आई म्हणाली, बाकावर एकदा समजावून बघते, पण हुकूमही तयार ठेव."

"म्हणजे तुझा बापावर विश्वासच नव्हता?"

"होता की बाबा! म्हणून तर पेन्सिलीने काढले. नसता तर पेनाने काढले असते."