अकरावा तारा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या फुटबॉलच्या मैदानावर वीस तारे होते. मी स्वतः मोजले, दोनदा. उत्तरेच्या चिन्हात दहा, दक्षिणेच्या चिन्हात दहा. मध्ये गव्हाची लोंबी, तिच्याभोवती ताऱ्यांचं कडं, प्रत्येक विद्यापीठाला एक तारा. हे आमच्या 'प्रेअरी टेन' कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या दहा विद्यापीठांच्या गटाचं, चिन्ह. तारा साठ सेंटिमीटर रुंद. मेलेलं गवत शून्य.

आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, गवतावरचा रंग काढण्यात माझा हात धरणारं अख्ख्या नेब्रास्कात कोणी नाही! मी गवताच्या शास्त्रातली पदवीधर आहे. हसू नका, असते अशी पदवी! माझा प्रबंधच त्यावर होता: संत्र्याच्या सालीच्या तेलाचं द्रावण, छत्तीस वाफे, एकही पातं दगावलं नाही. त्यामुळे सोमवारी क्रीडासंचालक मर्ना ऑल्टहाउस यांनी मला बोलावलं, दार लावलं, पडदे ओढले आणि स्वतःचा फोन खणात कोंडला, तेव्हा मी जराही घाबरले नाही.

"दोन्ही चिन्हं पुसायला किती वेळ लागेल, कोरीन? कॅमेऱ्यांपुढे, डाग न ठेवता?"

"चाळीस मिनिटं!" मी म्हणाले. छाती फुगवून म्हणाले.

"नक्की?"

"मर्नाबाई, मी मोजल्याशिवाय बोलत नाही."

मग त्यांनी आवाज इतका खाली आणला की मी ओठ वाचू लागले. विद्यापीठांनी कॉन्फरन्स बदलायची साथ सध्या देशभर आहे. पुढारी पक्ष बदलतात तसं. आमच्या दहांपैकी चौघांनी बोचकी बांधून ठेवलीच होती. आता 'कॉन्टिनेंटल' या दुसऱ्या कॉन्फरन्सशी आमची बोलणी चालली होती. आम्हाला आत घ्यायचं का, यावर त्यांचे चौदा कुलगुरू शुक्रवारी दुपारी बाराला मतदान करणार. दहा मतं हवीत. आठ पक्की, बाकीचे कुंपणावर.

"आणि बातमी आधी फुटली तर?"

"तर कुंपणावरचे पलीकडे उड्या मारतील. मग टीव्हीचा पैसा गेला, कुस्ती बंद, पोहणं बंद. आणि मैदान विभागात जो शेवटी लागला त्याची नोकरी."

मैदान विभागात शेवटी कोण लागलं होतं? मी. सात आठवड्यांपूर्वी.

"वेंडलला सुद्धा बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. वेंडल नोवाचेक म्हणजे माझे साहेब. एकतीस वर्षं मैदान सांभाळतायत. माणूस सोन्यासारखा, पण त्यांची बहीण गावात केस कापते. तिच्या खुर्चीत बसलेल्या गुपिताला केसांपेक्षा लवकर कात्री लागते!

तर मंगळवारी सकाळी मी फक्त चाचणी घेतली. एक तारा, उत्तरेच्या चिन्हातला, वरून उजवीकडे मोजत आठवा. द्रावण, ब्रश, कोमट पाणी. सात बाराला मैदानावर एकोणीस तारे होते. दोन मिनिटं! वीस तारे, चाळीस मिनिटं! लोंब्या काय, त्या यंत्र पुसेल. तिथं तारा होता हे गवतालाही आठवत नव्हतं. वाळलं की परत रंगवू, असं म्हणून मी नाचत प्रयोगशाळेत गेले.

एक गोष्ट मी मोजली नव्हती. मैदानापासून समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंतचं अंतर. त्या गच्चीत गॉर्डन टिमरमन राहतात. निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर आता दुर्बिणीतून मैदानात डोकावतात आणि जे दिसेल ते चाहत्यांच्या पानावर टाकतात. आठ चाळीसला त्यांनी टाकलं: "एक तारा उपटला! कोण चाललं?"

दुपारी मी मेबलच्या खानावळीत गेले, तर चिलीचे, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचे, वाडगे निवत होते, दालचिनी रोल तसेच पडले होते आणि सगळे एका कागदावर वाकलेले.

"तारे वर्णानुक्रमे असतात," गॉर्डन बोट आपटत म्हणाले. "घड्याळाच्या दिशेनं मोज. आठवं कोण? सँडरिज! आपण!"

"डॉक्टर, चुकीच्या बाजूनं दाढ काढताय," मेबल म्हणाली. "उलटं मोजा. चौथं येतं. हार्लन!"

"हार्लन कुठे जाणार? त्यांना घरात कोणी विचारत नाही!"

"मग तुम्हाला कोण विचारतंय?"

"ही बघा कोरीन आली! पोरी, तू तिथंच काम करतेस. तारा कोणी काढला?"

माझ्या तोंडात रोल होता. देवाची कृपा. मी तो एक मिनिट वीस सेकंद चावला.

तेवढ्यात फोन वाजला. मर्नाबाई. "हार्लनचा संचालक माझ्यावर ओरडतोय की त्यांना आम्ही हाकलतोय! कॉन्टिनेंटलमधून दोन फोन आले! तारा परत! आत्ता!"

बारा चाळीसला मी तारा परत रंगवला. छत्तीस अंशांचा कोन मोजून, साठ सेंटिमीटर. वीस तारे. हुश्श करून ब्रश धुवायला गेले.

पण मर्नाबाई काळजीखोर. मी हाताशी नसले तर, म्हणून त्यांनी मला फोन करण्याआधीच वेंडलच्या फोनवर निरोप ठेवला होता: "उत्तरेच्या चिन्हात एक तारा वाढव. कारण विचारू नकोस." वेंडलनी तो जेवण झाल्यावर, दोन वाजता ऐकला. आणि कारण विचारलं नाही.

तीन वाजता गॉर्डननी टाकलं: "एकवीस!!!"

मी धावत मैदानावर गेले. लोंबीच्या डोक्यावर, कड्याच्या आत, पांढराशुभ्र तारा. बाकीच्यांपेक्षा दीडपट मोठा.

"वेंडल, हे काय केलंत?"

"बाईंनी सांगितलं एक वाढव. वाढवला."

"दहा होते ना तिथे! मोजले नाहीत?"

"मोजायला तू आहेस ना, प्रोफेसर! मला कोण काय सांगतं इथं? कड्यात जागा नव्हती, म्हणून मध्ये काढला. नवा पाहुणा असेल, मान द्यायला नको? जरा मोठाच काढला."

मी द्रावण आणायला धावले तोच मर्नाबाईंचा फोन. "कोणीही गवताला हात लावायचा नाही! आपण हललो की बातमी होते! शुक्रवारपर्यंत त्या मैदानावर चिमणीही उतरता कामा नये!"

बुधवारी गाव पेटलं. मोठा तारा म्हणजे मोठं विद्यापीठ! टेक्सासातलं असेल! नाही, फ्लोरिडातलं! वेंडलच्या बहिणीकडे खुर्ची रिकामी मिळेना. आणि मिलब्रुक नावाच्या नऊशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मर्नाबाईंना फोन केला.

"आम्ही भारावलो आहोत. आमंत्रण स्वीकारलं!"

"कसलं आमंत्रण?"

"समजलं, समजलं. उघड बोलता येत नाही. आमच्याकडे फुटबॉलचा संघ नाही, पण बँड उत्तम आहे."

गुरुवारी मी माझ्या कपाटातल्या वस्तू मोजल्या. सतरा. एका खोक्यात मावल्या. दुपारी मी मर्नाबाईंच्या खोलीत असताना कॉन्टिनेंटलचे आयुक्त फोनवर आले. बाईंचा चेहरा खडूसारखा. आयुक्तांचा आवाज टेबलापलीकडे मला ऐकू येत होता.

"मर्ना, तुमची कॉन्फरन्स बुडतेय असं आम्ही धरून चाललो होतो. आणि तुम्ही माणसं वाढवताय? अकरावा कोण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मी काही बोलू शकत नाही," बाई म्हणाल्या. हे शंभर टक्के खरं होतं. अकरावा कोणी नव्हताच.

पलीकडे खुर्ची करकरली. मग: "इतकं मोठं नाव आहे?"

"मी खरंच काही बोलू शकत नाही."

शुक्रवारी बाराला मी आणि वेंडल मैदानाच्या कडेला उभे. माझ्या हातात ब्रश, पायाशी खोकं. वेंडलना आता सगळं कळलं होतं. मतदान सुरू झालं तेव्हा मीच सांगून टाकलं! बारा पाच. बारा सहा. वेंडलनी टोपी काढली, घातली, काढली.

"प्रोफेसर, नोकरी गेली तर बहिणीकडे लावतो तुला. केस काय, गवतच."

बारा सातला फोन. "अकरा विरुद्ध तीन!" मर्नाबाई किंचाळल्या. "अकराव्या ताऱ्याला घाबरले! आपण हातचे जाऊ म्हणून कुंपणावरचे टपाटपा आत पडले! एक वाजता थेट प्रक्षेपण आहे, उत्तरेच्या चिन्हावरून, स्वच्छ गवतावरून. चाळीस मिनिटं म्हणाली होतीस!"

"चाळीस मिनिटं!"

वेंडल यंत्र घेऊन लोंब्यांवर, मी ताऱ्यांवर. गुडघे सोलले, बोटांना संत्र्याचा वास. एक, दोन, तीन... बारा बेचाळीसला अठरा. बारा सेहेचाळीसला वीस! एकोणचाळीस मिनिटं! मैदान कसं आत्ताच उगवल्यासारखं! मग मी मोठ्या ताऱ्यावर द्रावण ओतलं. दोन मिनिटं घासलं. चार घासलं.

तारा आणखी पांढरा झाला.

"वेंडल," मी हळूच विचारलं, "रंग कुठला वापरलात?"

वेंडल टोपीच्या आत काहीतरी शोधू लागले. "तुझी खोली बंद होती गं. मी आपला गाडीतळाचा घेतला. पट्ट्यांचा."

"डब्यावर काय लिहिलं होतं?"

"सात वर्षं."

"कापून टाकू?"

"मुळापर्यंत मुरलाय. कापलास तर खड्डा दिसेल."

बारा अठ्ठावन्नला मर्नाबाई कॅमेरेवाल्यांसह आल्या, तारा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या बरोबर मध्यावर पाय जुळवून उभ्या राहिल्या. समोर गॉर्डनची दुर्बीण चमकली.

"हसा, बाई," कॅमेरेवाला म्हणाला. "आणि जरा डावीकडे सरका."

"नाही," बाई हसत म्हणाल्या.

नंतर मी दोन्ही मापं घेतली. मर्नाबाईंचा बूट, लांबी: चोवीस सेंटिमीटर. तारा, रुंदी: एक्क्याण्णव.