कदम सर आणि चार सख्ख्या जावा
आमदारसाहेब यायच्या तासभर आधी कदम सरांनी स्वागताच्या फलकावर चुना फासला. तलवाड्याच्या शाळेत मी कारकून; फलक मीच रंगवून आणला होता. त्यावर चाळीस नावांच्या वर लिहिलं होतं, 'आमचे पास आऊट विद्यार्थी'.

"पास आऊट म्हंजी बेशुद्ध पडणे," सर म्हणाले. "एवढी चाळीस पोरं एकदम कशापायी पडली?"

साहेबांनी कोऱ्या फलकासमोर हसून फोटो काढून घेतला.

सर इंग्रजी शिकवायचे. 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' या त्यांच्या मते चार सख्ख्या जावा. "दिसायला एका घरच्या, पण एकीचं काम दुसरीला सांगितलं की भांडण." ते भांडण मिटवत सर गावभर फिरत. लाईट 'क्लोज' करा म्हणणाऱ्या वायरमनला त्यांनी खांबावर असतानाच अडवलं. "दार क्लोज होतंय. लाईट स्विच ऑफ होते."

"सर, ती गेलीच हाय. आता काय बी म्हणा," तो वरून म्हणाला.

मुख्याध्यापकांनी मंजूर केलेला माझा रजेचा अर्जसुद्धा सरांनी माघारी दिला होता. "आईला लूक आफ्टर करणार का लूक फॉर? आई हरवली का?"

"न्हाई सर, दवाखान्यात हाय."

"मग नीट लिही, अन् लवकर जा."

मागल्या वर्षी कुसुमकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडा सावरला, पण शब्द भलतेच येऊ लागले. रिटायर झालेले सर पारावर यायचे बंद झाले. कानाला आराम पडला, असं काहीजण म्हणाले. त्यात मीही होतो.

एका कागदावर सही हवी म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी मला ओळखलं. किटलीकडे बोट करत बराच वेळ शब्द शोधला.

"त्यांना... च्या... सांडा."

मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. या माणसाने गावात कुणाचं क्रियापद तसंच जाऊ दिलं नव्हतं.

"सांडतो की," सर म्हणाले आणि एक थेंबही न सांडता चहा कपात ओतला.

काकूंनी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला. "हे बी पेरा."

सरांनी माझ्या बशीत दोन बिस्किटं ठेवली.

मी हळूच विचारलं, "सर, काकूंना 'ओता' म्हणायचं होतं ना?"

"तुला समजलं का न्हाई?"

"समजलं."

"मग झालं," सर म्हणाले, आणि काकूंच्या बशीतल्या चहावर फुंकर घालू लागले.