होयबाची मान

दोष तुमचा आहे. वरच्या मजल्यावर बसून तुम्ही त्या हुकमावर सही केलीत: मोठ्या गिऱ्हाइकांशी संबंध घट्ट व्हावेत म्हणून प्रत्येक खात्याने आपल्या साहेबासोबत एक माणूस गोल्फच्या सामन्याला पाठवावा. ज्या खात्यात पंखा फक्त शोभेला आहे आणि खुर्चीला चौथा पाय म्हणून जुन्या पावत्यांचा गठ्ठा लावलाय, त्या खात्याने गोल्फ खेळावं! सही करून तुम्ही मोकळे झालात. पुढे काय रामायण घडलं ते तुमच्यापर्यंत कोणी पोचवणार नाही, म्हणून इथे लिहावं लागतंय.

खरेदी खात्यात एक कारकून होता. त्याला सगळे होयबा म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तो त्यालाही मान डोलवी. बैठकीत साहेब बोलू लागले की आधी होयबाची मान हले, मग तिच्याकडे बघून शेजारच्याची, मग सगळ्या रांगेची. साहेबांनाही त्याची इतकी सवय झाली होती की वाक्य संपवण्याआधी ते एक नजर होयबाकडे टाकत आणि मगच पुढचं वाक्य काढत.

"गोल्फ कोणाला येतं?" असं साहेबांनी विचारलं तेव्हाही तेच झालं. प्रश्न पुरा व्हायच्या आत मान हलून गेली होती.

"वा! छुपे रुस्तम निघालात," साहेब म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात, "हे बघा, बंदरावरच्या गोदामाला एक माणूस द्यायचाय मला. नाव अजून घातलेलं नाही. गिऱ्हाइकासमोर माझी शोभा झाली तर ते नाव तुमचं. समजलं?"

होयबाने मान हलवली.

बंदर म्हणजे जगाचं टोक. आणि बायकोने नुकतंच गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान थाटलेलं. एकदा आलेलं गिऱ्हाईक आत्ता कुठे दुसऱ्यांदा येऊ लागलेलं. बदली झाली तर एक तर दुकानाला टाळं, नाहीतर संसाराचे दोन तुकडे.

"अहो, पण गोल्फ येत नाही हे सांगायचंत ना!" बायको म्हणाली.

"सांगणार होतो."

"मग?"

"मान आधी हलली."

"लग्न ठरतानाही असंच झालं होतं," सासूबाई आतून म्हणाल्या. त्या लेकीकडेच राहत आणि आतूनच बोलत.

मैदानावर शिकवायला एक बाई होत्या. उन्हाने रापलेल्या, आवाज भोंग्यासारखा. त्यांना लोक मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी होयबाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एक काठी हातात दिली.

"लांबचे फटके तुमचे साहेब मारतील. तुम्ही एकच शिका, पिच. चेंडू उंच जायला हवा, वाळूचा खड्डा ओलांडून हिरवळीवर उतरायला हवा आणि उतरल्यावर नव्या जावयासारखा जिथल्या तिथे बसायला हवा. हुंदडायला लागला की संपलं. या काठीचं पातं तिरकं आहे, बघितलंत? म्हणजे चेंडू उचलायचं काम तिचं. तुम्ही मनगटाने पळीने वाढल्यासारखं उकरायचं नाही. पाय जवळ. चेंडू मधोमध. वजन पुढच्या पायावर. हात आणि छाती एकत्र वळू द्या. काठी जेवढी मागे तेवढीच पुढे, आणि मारताना खाली, गवत घासत. समजलं?"

काठी खाली येत होती आणि होयबाची मानही. पातं चेंडूच्या टाळक्यात बसलं. चेंडू घोट्याच्या उंचीवरून सणसणत गेला आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला भोक पाडून आत जाऊन बसला.

"अहो, खाली मारायचं, खाली! कळलं ना?"

दुसरा चेंडू बाईंच्या स्कूटरच्या दिव्यात शिरला.

तिसऱ्या वेळी बाई मुद्दाम गप्प बसल्या. होयबाने स्वतःशीच मान हलवली. चेंडू कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

"हात बरे आहेत हो तुमचे," बाई म्हणाल्या. "मान नालायक आहे. आता एकच करायचं. चेंडू पडल्याचा आवाज कानावर येईपर्यंत मान हलता कामा नये. इथे नाही, घरी नाही, कचेरीत नाही. खोड मोडायची तर मुळातून."

होयबा "हो" म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसतं म्हणाला.

घरी तो डोक्यावर स्टीलची वाटी ठेवून वावरू लागला. वाटी पडली की पुन्हा पहिल्यापासून. जेवताना सासूबाईंनी विचारलं, "भाजी बरी झालीय ना?"

"हो, छान झालीय."

"मग मान का नाही हलली?"

"सराव चाललाय, आई."

"म्हणजे आवडली नाही."

"छान आहे म्हणालो ना!"

"तोंडाचं काय घेऊन बसलात? तोंड सगळ्यांचंच गोड असतं. खरं काय ते मान सांगते." दुसऱ्या दिवसापासून भाजीतलं मीठ गेलं.

कचेरीत त्याहून वाईट झालं. बैठकीत साहेबांनी जाहीर केलं की जेवणाची सुट्टी निम्मी केली की काम दुप्पट होईल. आणि सवयीने होयबाकडे बघितलं. होयबा खांबासारखा बसला होता. त्याची मान थांबलेली बघून शेजारच्याची अर्ध्यावर अडकली. मग सगळी रांगच थिजली.

"म्हणजे, दुप्पट अगदी नाही," साहेब म्हणाले. "दीडपट."

मान जागच्या जागी.

"निदान थोडं तरी वाढेलच की. का हो?"

"हो साहेब," होयबा म्हणाला, मान न हलवता. ते ऐकायला इतकं भयंकर वाटलं की साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं, "बरं, यावर पुढे कधीतरी विचार करू," म्हणून कागद आवरले आणि दाराकडे जाताना एका खुर्चीला अडखळले.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की होयबाच्या पाठीशी वरच्या मजल्यावरचं कोणीतरी आहे. जन्मात चहा न विचारणाऱ्या शिपायाने बिस्किटासकट चहा आणला. खुर्चीचा पावत्यांचा गठ्ठा जाऊन तिथे लाकडाचा खरा पाय आला. चार जण येऊन टेबलाला टेकून उभे राहिले.

"आता तुम्हीच आमचे पुढारी."

"अरे, मी काहीच केलेलं नाही!"

"हेच ते! एवढं करायचं आणि वर काही केलं नाही म्हणायचं. याला म्हणतात छाती."

तिकडे साहेबांचं जेवण तुटलं. तोंडाने हो म्हणतो आणि मान हलवत नाही, त्याच्या पोटात नक्की आहे तरी काय?

सामन्याच्या दिवशी शेवटच्या झेंड्यापर्यंत समोरच्या जोडीशी बरोबरी होती. साहेबांनी शेवटचा लांबचा फटका मारला आणि चेंडू वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे टाकला. आता पिच. पलीकडे हिरवळीवर मोठं गिऱ्हाईक पांढऱ्या टोपीत हात बांधून उभं. होयबाने पाय जवळ घेतले, वजन पुढे टाकलं, चेंडू मधोमध घेतला. डोक्यावर वाटी आहे असं समजला. त्याच्या डोळ्यांसमोर झेंडा नव्हता, दुकानाची पाटी होती.

त्याने काठी मागे नेली, आणि नेमकं तेव्हाच साहेबांना राहवलं नाही. इतक्या दिवसांचा घोर एकदाचा संपवावा म्हणून ते कानाशी येऊन कुजबुजले, "नाराज आहात, मला दिसतंय. सरळ विचारतो, इथेच राहायचंय ना तुम्हाला? मान हलवा, गोदामासाठी आत्ता दुसऱ्या कोणाचं नाव घालतो."

पातं गवत घासत गेलं. चेंडू उंच उडाला. होयबाच्या अंगातला कण न् कण हो म्हणत होता, आणि मान बाईंच्या हुकमात होती. चेंडू खड्ड्यावरून गेला, हिरवळीवर टप् करून पडला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर जावयासारखा बसला.

आवाज आला तसा होयबा मान हलवत सुटला. वर खाली, वर खाली. पण तोवर साहेबांनी सुस्कारा सोडून पाठ फिरवली होती, आणि पांढरी टोपी धावत येऊन त्याचे हात हलवत होती. तो मान हलवतोय ते आभारासाठी, असंच सगळ्यांना वाटलं.

साहेबांनी चेंडू अलगद भोकात ढकलला आणि सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी होयबाच्या टेबलावर बंदरावरच्या बदलीचा हुकूम होता. कारण: स्वेच्छेने.

तो धावत साहेबांकडे गेला. "साहेब, मला इथेच राहायचं होतं."

"आता भीड कशाला? मी तोंडावर विचारलं, तुमची मान तसूभरही हलली नाही. असा बाणेदार माणूस मला अडवून ठेवायचा नाही." साहेबांचा चेहरा किती दिवसांनी हसरा झाला होता. "तुमच्या मनासारखं झालं. आनंदाने जाताय ना?"

सामना संपला होता. सराव संपला होता. होयबाने मान हलवली.

तर वरच्या मजल्यावरचे साहेब, आता होयबा बंदरावर पोती मोजतो. बायको दुकानात एकटी बसते, आणि चव सांगायला कोणी नाही म्हणून सासूबाई अजूनही भाजीत मीठ घालत नाहीत. गोल्फ खेळा म्हणालात, तो खेळला. चेंडू झेंड्यापाशी टाकला, गिऱ्हाईक तुमच्या पदरात टाकलं. मग शिक्षा कशाची झाली त्याला? मान हलवली याची, की नाही हलवली याची? उत्तर द्या. आणि तोंडाने द्या. नुसती मान हलवू नका.