खड्डा तेवढा राहू द्या

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पोवाला दोन गाठोडी पार्किंगमध्ये उतरवून गेला. जुन्या चादरीत बांधलेल्या, सुतळीने आवळलेल्या बाबांच्या गाडीच्या दोन सीट होत्या. रुचिराने पहिल्या गाठोड्याची सुतळी सोडली, चादर बाजूला केली आणि ती तिथेच फरशीवर बसली. ड्रायव्हरची सीट तेलातून नुकत्याच काढलेल्या पुरीसारखी टम्म फुगली होती. लाल चामडं, पांढरी शिलाई, कुठे सुरकुती नाही. बाबांचा खड्डा भरून निघाला होता.

त्या खड्ड्यासाठीच तर तिने सगळा खटाटोप केला होता.

गाडी म्हणजे साठ-बासष्ट वर्षांपूर्वीची, इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार. चंद्रप्रकाश परुळेकरांनी आयुष्यभर शूटिंगला गाड्या पुरवणाऱ्या गॅरेजात मेकॅनिकचं काम केलं. निवृत्तीच्या वर्षी मढचा एक बंगला पाडायचं ठरलं, तेव्हा आवारात चिकूच्या झाडाखाली सडत पडलेली ही गाडी मालकाने त्यांना "घेऊन जा" म्हणून देऊन टाकली. ती टेम्पोत बसून दहिसरला आली. पुढची अकरा वर्षं चंद्रप्रकाशांनी तिचं इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्रा सगळं स्वतःच्या हाताने केलं. आतलं काम तेवढं राहिलं. डॅशबोर्डचं लाकूड, दारांचं अस्तर, सीट. "ते शेवटी करायचं असतं," ते म्हणायचे. शेवट मार्चमध्ये आला, तो त्यांचाच.

रुचिरा मुलुंडला राहायची. बाबा गेल्यापासून दर रविवारी दहिसरला आली की संध्याकाळी ती गाडीत जाऊन बसायची. डाव्या सीटवर बाबांची हत्यारांची पेटी असायची आणि उजव्या सीटच्या काथ्यात अकरा वर्षांत पडलेला एक खड्डा. सीटच्या पुढच्या कडेला, किंचित डावीकडे कललेला. तिला तो मापाने शिवल्यासारखा बसायचा. बाबांची तिच्याजवळ बरीच पुस्तकं होती, घड्याळ होतं, चष्मे होते. पण बाबांच्या वजनाने घडलेली ही एकच वस्तू होती.

म्हणून आतलं काम पूर्ण करायचं तिने ठरवलं, तेव्हा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या शिवदास गवईंना तिने एकच अट घातली. दोन्ही सीटना नवीन चामडं लावा, पण बाबांच्या सीटचा खड्डा तेवढा राहू द्या. शिवदास तिच्याकडे बघत राहिले.

"ताई, तीस वर्षं सीट शिवतोय. खड्डा बुजवा म्हणणारे रोज येतात. खड्डा सांभाळा म्हणणारं गिऱ्हाईक या अख्ख्या मुंबईत तुम्हीच."

"जमेल ना पण?"

"तुमच्या बाबांचा, भाऊंचा आहे. जमवावंच लागेल."

एवढं बोलून त्या माणसाने हे करावं? रुचिराने तिथूनच पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला नाही. मग शिवदासांच्या बायकोला, मीराबाईंना लावला. त्या म्हणाल्या, हे सकाळीच नागपूरला निघाले, दरवर्षी दीक्षाभूमीला जातात, जायच्या आधी कुणाचं काम अर्धं ठेवत नाहीत म्हणून रात्र जागून सीट पूर्ण केल्या. आता रेल्वेत रेंज असेल-नसेल. सीट आवडली ना, असंही त्यांनी विचारलं. रुचिरा वाईट बोलू शकली नाही. "सुंदर झालीय," ती म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

आई पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उद्यासाठी झेंडूचा हार ओवत होती. वर्षाच्या आत सण करायचा नाही हे तिला मान्य होतं. पण गाडीची पूजा हा सण नव्हे, असा तिने स्वतःपुरता निवाडा देऊन टाकला होता. यांनी अकरा दसऱ्यांत एकदाही गाडीला हार चुकवला नाही, मग बारावा का चुकवायचा?

"अगो, ऐक तरी," आई म्हणाली.

"आई, प्लीज. आत्ता नको."

आईने पुढचं फूल सुईत घातलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्त सामंत पार्किंगमधून जात होते. माणूस फरशीवर बसलेला दिसला की चौकशी करणं हे ते आपलं कर्तव्य मानत. रुचिराने सांगितलं. देवदत्तांनी सीटभोवती एक फेरी मारली, बोटाने फोम दाबून पाहिला, आणि हा प्रश्न तांत्रिक आहे असं जाहीर केलं. फोम वजनाने बसतो. योग्य वजन योग्य वेळ ठेवलं तर खड्डा परत पाडता येईल. उद्या सकाळी पूजा, म्हणजे हातात अठरा तास.

पहिल्या मजल्यावरच्या द्रौपदीकाकूंनी गॅलरीतून हे ऐकलं आणि तांदळाची पंचवीस किलोची गोणी मुलाकरवी खाली पाठवली. गोणी सीटवर ठेवली. अर्ध्या तासाने उचलली तेव्हा सीटला चौकोनी ठसा उमटलेला होता. तोही दहा मिनिटांत फुगून वर आला. देवदत्तांनी निष्कर्ष काढला की तांदळाला आकार नसतो. माणूस पाहिजे, आणि तोही भाऊंच्या मापाचा.

"वजन किती होतं भाऊंचं?"

"ब्याण्णव," रुचिरा म्हणाली. शेवटच्या सगळ्या रिपोर्टांवर तो आकडा होता. तो तिला फोन नंबरासारखा पाठ झाला होता.

बिल्डिंगमध्ये ब्याण्णवच्या जवळपास जाणारा एकच माणूस होता. तळमजल्यावरचे हर्षदभाई गाला. ते दुपारची झोप अर्धी टाकून, बनियनवर शर्ट चढवत आले. कशासाठी बोलावलंय हे कळल्यावर त्यांनी शर्टाची बटणं लावून घेतली.

"चंदूभाईने माझी स्कूटर सोळा वर्षं रिपेर केली," ते म्हणाले. "एकदा चहा पण घेतला नाही. मी बसतो ना. उद्यापर्यंत बसतो."

देवदत्त आणि रुचिराने मिळून ड्रायव्हरची सीट गाडीत बसवली, चार बोल्ट आवळले. पण हर्षदभाई आत जाईनात. स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये जेवढी जागा होती, तेवढी त्यांच्या पोटाला पुरत नव्हती. एक पाय आत गेला, दुसरा बाहेर राहिला, आणि मधले हर्षदभाई ना आत ना बाहेर. देवदत्तांनी त्यांना मागून आधार दिला, म्हणजे ढकललं. मग पुढून ओढलं. शेवटी सीट पुन्हा सोडवली, फरशीवर ठेवली आणि हर्षदभाई तिच्यावर रस्त्यावरच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकासारखे बसले.

बसले ते तासभर. द्रौपदीकाकूंनी त्यांना पोहे पाठवले. देवदत्त दर पंधरा मिनिटांनी त्यांना उठवून टेपने खोली मोजत होते आणि मोबाइलवर लिहून घेत होते. खड्डा पडत होता, यात शंका नव्हती. फक्त चुकीच्या जागी पडत होता.

"मागे पडतोय," रुचिरा म्हणाली. "बाबांचा पुढे होता. अगदी कडेला."

"हर्षदभाई, पुढे सरका."

"पुढे सरकलो तर पडेन ना मी. एवढा भारी माणूस कडेवर कसा बसेल?"

"भाऊ बसायचे ना पण."

"चंदूभाई तर माझ्याहून उंच. गुडघे कुठे ठेवायचा तो?"

प्रश्न रास्त होता. देवदत्त विचारात पडले. मग म्हणाले की मनापासून गाडी चालवणारा माणूस पुढे झुकतो. भाऊंची तल्लीनता असेल ती. रुचिराला हे स्पष्टीकरण इतकं आवडलं की तिचे डोळे भरून आले. हर्षदभाई चुपचाप कडेला सरकले, दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग धरलं आणि तल्लीन होण्याचा प्रयत्न करू लागले.

"आणि थोडे डावीकडे कला," देवदत्त म्हणाले.

"डावीकडे का?"

पाकीट उजव्या खिशात असणार, असं देवदत्त म्हणाले. रुचिरा म्हणाली, बाबा पाकीट शर्टाच्या खिशात ठेवायचे. मग चाव्यांचा जुडगा असेल. चाव्या गळ्यात असायच्या. शेवटी देवदत्तांनी टेप गुंडाळली आणि ते आईकडे वळले.

"वहिनी, तुम्हीच सांगा आता. भाऊ या सीटवर नेमके कसे बसायचे?"

आईने हाराला गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"या सीटवर ते कधी बसलेच नाहीत," ती म्हणाली.

हर्षदभाई कडेवरून घसरले आणि सावरून पुन्हा बसले.

आईने सांगितलं ते असं. गाडी आली त्या दिवशी, टेम्पोवाला गेल्यावर, चंद्रप्रकाश पहिल्यांदा स्टिअरिंगच्या मागे बसायला गेले आणि आत्ता हर्षदभाई अडकले तसेच अडकले. अर्धा तास. भर दुपार होती, सगळी बिल्डिंग झोपलेली. आईने त्यांना एकटीने ओढून बाहेर काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतःची गाडी मिळाली ती अंगाला न होणारी, हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी आईला रवळनाथाची शपथ घातली.

"मग?"

"मग काय. मी बसले स्टिअरिंगला. ते डावीकडे, पेटी मांडीवर घेऊन. रोज दुपारी तीन ते चार."

"आई, तुला गाडी येत नाही."

"गाडी सुरू खंय करायची होती? ते सांगायचे, आता पनवेल सुटलं, आता पेण आलं, हळू घे, पुढे घाट आहे. चहाला नागोठण्याला थांबायचो. थर्मास असायचा." आई हाराची फुलं सारखी करू लागली. "गावी, कणकवलीला पोचेपर्यंत चार वाजायचे. पाण्याचा पंप सुरू करायला यावं लागायचं परत."

रुचिराने हळूच विचारलं, "पुढे कोण बसायचं? कडेला?"

"मीच गो. माझे पाय पोचत नाहीत खाली. आणि चहाचा कप त्यांना द्यायचा म्हणजे डावीकडे कलावं लागायचं."

रुचिरा सात महिने आईच्या खड्ड्यात बसून बाबांसाठी रडत होती. तो तिला मापाने शिवल्यासारखा का बसायचा, हेही आता उघड होतं. बांधा तिने आईचाच घेतला होता. हसावं की काय करावं हे तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात तिला दुसरा विचार आला. बाबांची सीट डावी. आणि डाव्या सीटबद्दल तिने शिवदासना काहीच सांगितलं नव्हतं. तिथला खड्डा पेटीखाली झाकलेला, तिने कधी पाहिलाही नव्हता. तो असणारच, आणि तोही आता पुरीसारखा फुगून त्या दुसऱ्या गाठोड्यात बसला असणार.

गाठोडं भिंतीला टेकून तसंच होतं. तिने सुतळीला हात लावला, पण सोडवेना.

फोन वाजला तो तेव्हा. मागे रेल्वेचा खडखडाट आणि पुष्कळ माणसांचा आवाज.

"ताई, नऊ मिस कॉल. सीट बसली नाही का नीट?"

"शिवदासभाऊ, मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबांच्या सीटचा..."

"तो ठेवलाय ना. हाताने शिवलाय सगळा, मशीनखाली गेला असता तर ताणला गेला असता. डाव्या सीटचा काथ्या मी हलवलासुद्धा नाही. पाहिला नाही का अजून?"

रुचिरा गाठोड्याकडे वळली.

"तुम्हाला कसं माहीत, बाबा डावीकडे बसायचे?"

"मागच्या दिवाळीत माप घ्यायला आलो होतो. दुपारी आलो, दोघं बसलेले. भाऊ मला बघून लाजले, मग म्हणाले, कुणाला बोलू नको. मग म्हणाले, हिची सीट खचलीय, हिची कंबर धरते, तेवढी चांगली भर, पाठीला जाड, म्हणजे हिचे पाय खाली पोचतील. माझी राहू दे, मला सवय झालीय." आवाज क्षणभर तुटला आणि परत आला. "नंतर तुम्ही आलात आणि म्हणालात, बाबांची राहू द्या. तुम्हा दोघांचं म्हणणं एकच होतं, म्हणून मी जास्त विचारलं नाही. चुकलं का काही?"

"नाही," रुचिरा म्हणाली. "काहीच चुकलं नाही." आभार कसे मानावेत हे तिला कळेना, तर ती म्हणाली, "नागपूरहून आलात की जेवायला या. मीराताईंना घेऊन."

तिने सुतळी सोडली. चादरीखाली लाल चामड्यात, सीटच्या अगदी मधोमध, टोपलीएवढा खोल खड्डा होता. उजवीकडे कललेला.

देवदत्तांनी सवयीने टेप काढली आणि मोजायचं सोडून परत खिशात ठेवली. हर्षदभाई उठून उभे राहिले आणि आपण एवढा वेळ कुठे बसलो होतो हे लक्षात येऊन आईला सॉरी म्हणाले, कारण तिच्या नव्या सीटच्या मागच्या बाजूला त्यांचा एक छोटा खड्डा राहिला होता. आई म्हणाली, असू दे, तिथे मी पर्स ठेवीन.

दोन्ही सीट गाडीत बसवेपर्यंत पाच वाजले. सगळे गेले. आई स्टिअरिंगला बसली, पाय खाली टेकले, आणि तिने दोनदा खाली पाहून त्याची खात्री करून घेतली. मग तिने रुचिराला डावीकडे बसायला सांगितलं.

रुचिरा बसली ती खोल गेली. ब्याण्णव किलोच्या जागेत तिचे पंचावन्न किलो कुठल्या कुठे हरवले. गुडघे छातीशी आले, खांदा आपोआप आईकडे गेला. ती आईला चिकटूनच बसली होती आणि तिला दुसरं काही करताही येत नव्हतं.

"पेटी घे मांडीवर," आई म्हणाली. "पनवेलपर्यंत जाऊन येऊ."

पनवेलपर्यंत जाऊन येईतो अंधारू लागलं. आईने स्टिअरिंगवरचे हात काढले, पदर सारखा केला. रुचिरा पेटी बाजूला करून उठायला गेली. हाताने दाराची कड धरली, पाय बाहेर काढला, आणि पुन्हा खड्ड्यात बसली. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

आई गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आली. तिने पाय फाकवून नीट रोवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"थांब," ती म्हणाली. "माका सवय आहे."