बेडूकगाडी रस्त्यावर येते

दातांचे डॉक्टर आपल्या फाटकातून गाडीवर बसून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचायच्या आतच वाहतूक हवालदाराने त्यांना हात केला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण बेडूक उडी मारायच्या आधी अंग आखडतो तशी एकदा दचकून थांबली.

"गाडी कुणाची?"

"मेहुण्याची."

"नंबर?"

"मेहुण्याचा?"

"गाडीचा, डॉक्टर!"

डॉक्टरांनी खाली वाकून गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली. नंबर कुठेच नव्हता. खरं तर त्या गाडीला बरंच काही नव्हतं. चार जाडजूड काटेरी टायर, एक सीट, मागे सामानाची जाळी आणि हँडल, एवढाच तिचा संसार. मेहुण्याने सहलीच्या लोकांना डोंगरात फिरवायला अशा गाड्या घेतल्या होत्या. धंदा बसला, तेव्हा त्यातली एक त्याने आपल्या ताईच्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या, दारात आणून सोडली. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव त्याच दिवशी बेडूकगाडी ठेवलं.

"हे बघा," हवालदार म्हणाला, "ही गाडी मातीत चालवा, चिखलात चालवा, टेकडीवर उलटी चालवा, मी आडवा येणार नाही. पण हा डांबरी रस्ता सरकारी आहे. नंबर नाही, विमा नाही, आरसा नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. हिला रस्त्यावर आणताच येत नाही."

"अहो, मी फक्त त्या वळणापर्यंत चाललोय. तिथून टेकडीची पायवाटच लागते."

"वळणसुद्धा सरकारीच आहे."

डॉक्टर उतरले आणि गाडी ढकलत घरी निघाले. दुतर्फा माणसं उभी होती. बहुतेक सगळे त्यांचे पेशंट. आजवर डॉक्टरांनी सांगितल्यावरच ज्यांनी तोंड उघडलं होतं, ते सगळे आज न सांगता आ वासून उभे होते.

डॉक्टरीणबाई फाटकातच होत्या. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "झाडांवाचून माझं काही अडत नाही."

पण अडत होतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. टेकडीवरच्या तुकड्यात बाईंनी स्वतःच्या हाताने झाडं लावली होती, खांद्यावरून पाणी नेऊन जगवली होती. मग दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि चढण बंद झाली. आता त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून टेकडीकडे बघायच्या आणि पाणी घालायला जाणाऱ्या गड्याला विचारायच्या, "मोठी झाली असतील ना रे?" होस्टेलला ठेवलेल्या लेकरांची चौकशी करावी तसं. त्यांना मागच्या जाळीवर उशी टाकून वर न्यायचं, असा डॉक्टरांचा बेत होता. आज नुसती रंगीत तालीम होती.

"अगं, एकदा पक्कड लावली की दात हातात आल्याशिवाय सोडायची नाही, हा माझा धंदा आहे," डॉक्टर म्हणाले. "ही गाडी रस्त्यावर येणार. आणि कायद्याने येणार."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डोकं खाजवलं. "डॉक्टर, हिला आरसे लावायचे म्हणजे म्हशीला चष्मा लावण्यासारखं आहे."

"लाव."

"इंडिकेटर पण?"

"चारही बाजूंना."

मेस्त्रीने आरसे लावले, दिवे लावले, चिखल उडू नये म्हणून चाकांवर पत्रे ठोकले, तारा ओढल्या. मग डॉक्टरांनी ब्रेक दाबून पाहिला. हॉर्न वाजला.

"हे बरंच की," मेस्त्री म्हणाला. "गाडी थांबतेय ते लोकांना लांबून कळेल."

"आणि हॉर्न दाबला तर?"

दाबला. उजवा दिवा उघडझाप करू लागला. मेस्त्रीने तारा बदलल्या, तेव्हा हॉर्न एकदा सुरू झाला तो थांबेचना. शेजारच्या आजी खिडकीत आल्या आणि कुणाचं लग्न आहे म्हणून विचारून गेल्या. संध्याकाळपर्यंत मात्र प्रत्येक बटण आपापलं काम करू लागलं.

आता तपासणी. तपासणीसाठी गाडी वाहन कार्यालयात न्यायला हवी होती, आणि तपासणी झाल्याशिवाय ती रस्त्याने नेता येत नव्हती. डॉक्टरांनी टेम्पो केला. बेडूकगाडी टेम्पोत चढून, दोरखंडाने बांधून घेऊन, एखाद्या जखमी हत्तीसारखी कार्यालयात पोहोचली.

"साहेब आत्ताच बाहेर गेले," शिपाई म्हणाला.

दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेले होते. सकाळी अकराला.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर इमारतीच्या मागच्या बाजूला तोंड धुवायला गेले, आणि तिथल्या खिडकीतून एक गृहस्थ पाय आधी बाहेर काढत उतरताना त्यांना दिसले. एक हात चौकटीला, दुसरा गालावर. डॉक्टरांना चेहरा आठवला नाही, पण गाल लगेच ओळखला.

"खालची उजवी दाढ! अर्ध्यावर सोडून पळाला होतात!"

इन्स्पेक्टरसाहेब खिडकीतच लटकले. "मी येणारच होतो, डॉक्टर. आईशप्पथ येणार होतो. पण म्हणून तुम्ही ऑफिसात? आणि ते टेम्पोत काय आणलंय एवढं मोठं?"

"गाडी आहे. तपासणीसाठी."

"दाढेसाठी नाही?"

"दाढ तुमची. दुखेल तेव्हा या."

साहेबांच्या जिवात जीव आला. ते खाली उतरले, कपडे झटकले आणि खिशातून पेन काढत म्हणाले, "मग आधी सांगायचं ना! गाडी पास. कुठं सही करू?"

इथेच डॉक्टरांनी 'बरं' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण डॉक्टरांचा चेहरा कठोर झाला.

"न बघता पास? तोंड न बघता मी दाढ भरतो का? नीट तपासा. सगळं. मला कायद्याने हवंय."

साहेब नाइलाजाने बाहेर आले. मग मात्र त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. हॉर्न वाजवला, दिवे लावले, ब्रेक दाबले, गाडीखाली आडवे झाले. सगळं उत्तम. शेवटी त्यांनी सीटवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "आसन, एक."

"मागे जागा आहे की. उशी टाकली की झालं."

"ती सामानाची. माणूस बसवायचा नाही. नीट तपासा म्हणालात म्हणून तर बघितलं," साहेब गाल सांभाळत म्हणाले.

डॉक्टर नंबर घेऊन घरी आले खरे, पण तोंड उतरलं होतं. गाडीला रस्ता मिळाला होता आणि जिच्यासाठी मिळवायचा तिलाच जागा नव्हती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पानात भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मागे बसता येत नाही ना? मग मी पुढे बसेन."

"तू? चालवशील?"

"शिलाई मशीन चालवते की."

डॉक्टरांची मान वर आली. पक्कड सुटली नव्हती तर! त्यांच्या स्वतःच्या लायसन्सची मुदत कधीच संपली होती, म्हणून दोघांचेही अर्ज गेले. आधी डॉक्टर गाडीवरून टेकडीची वाट तपासून येणार, मग बाई जाणार, असं ठरलं. महिनाभर अंगणात सराव झाला. डॉक्टर शिकवायचे आणि बाई ऐकून घेऊन स्वतःच्याच पद्धतीने चालवायच्या.

परीक्षेच्या दिवशी मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडले होते. डॉक्टर आधी निघाले. ताठ बसले, हेल्मेट घट्ट, इंडिकेटर वेळेवर. पण उभं आयुष्य ज्याने छोट्याशा आरशात बघून काम केलं, त्या माणसापुढे दोन दोन आरसे आल्यावर त्याची नजर दुसरीकडे कशी जाणार? त्यांना मागचं सगळं लख्ख दिसत होतं. समोरचा शंकू चाकाखाली गेला. मग दुसरा. तिसरा त्यांनी बराच लांब बरोबर नेला.

"डॉक्टर, पुढं बघा, पुढं!" परीक्षक ओरडले.

"बघतोय!" डॉक्टर आरशात बघत म्हणाले.

बाई बसल्या, पदर खोचला आणि सुटल्या. कापडावर सरळ शिवण घालावी तशी गाडी शंकूंच्या मधून गेली, टोकाला वळली आणि टीप घालून परत आली. परीक्षकांनी त्यांना दोन्ही हात जोडले.

रविवारी सकाळी बेडूकगाडी फाटकातून बाहेर पडली. नंबर, विमा, आरसे, दिवे, हॉर्न, हेल्मेट आणि लायसन्स, कायद्याला बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मागच्या जाळीवर पाण्याचा कॅन आणि चहाचा थर्मास बांधला होता, कारण सामान चालत होतं. बाईंनी वळणावर इंडिकेटर दिला, शांतपणे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. डॉक्टर मागून चालत निघाले.

चढण त्यांना वाटली होती त्याहून उभी निघाली. दोनदा बसावं लागलं. वर पोहोचले तेव्हा बाई झाडांमध्ये फिरत होत्या. एकेका खोडावरून हात फिरवत होत्या, कुणाची वाळकी पानं काढत होत्या, कुणाला कानात काहीतरी सांगत होत्या. डोळे ओले होते. डॉक्टरांना बघून त्यांनी पटकन पुसले.

"किती मोठी झालीत हो! त्या कोपऱ्यातलं तर माझ्या डोक्यावर गेलंय."

डॉक्टर दगडावर टेकले. बोलायला दम नव्हता. बाईंनी थर्मासमधून चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

"हेल्मेट घालून गाडी चालवताना वारा काय लागतो गालाला," त्या म्हणाल्या. "येताना मी वळणावर थांबलेच नाही. पुढच्या गावापर्यंत जाऊन मग माघारी आले. रस्ता छान आहे."

डॉक्टर चहा पिता पिता थांबले. मग निर्धाराने म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझी परत परीक्षा आहे. या वेळी पास होणारच."

बाईंनी कोपऱ्यातल्या झाडाला कॅनमधलं पाणी घातलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

"व्हाल हो," त्या म्हणाल्या. "पण घाई काय आहे?"