समोरचा पडल्यावर

शेजारच्या माणिकअण्णांनी मला पहिलं यलो कार्ड दाखवलं ते माझ्याच दारात. मी स्कूटर त्यांच्या फाटकासमोर लावली होती. शाळेत पोरांना फुटबॉल शिकवून रिटायर झालेला हा पीटीचा मास्तर शिट्टी फुंकत आला, खिशातून पिवळा पुठ्ठा काढून माझ्या नाकासमोर धरला आणि एक शब्द न बोलता परत गेला. मैलूरला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. माणूस ठार वेडा आहे, असं मी बायकोला सांगून टाकलं.

मग सवय झाली. दोघांच्या बोलण्यात तिसरा घुसला की, "ए, ऑफसाइड हाईस तू!" लग्नात मुहूर्त टळला की, "एक्स्ट्रा टाइम चालूय, बसा." भाजी खारट झाली की बायकोला, सुमनअक्कांना, कार्ड. अक्का खमक्या. "ह्यांना घरात रेफ्री कुणी केलंय? कामून ऐकू मी?" म्हणायच्या आणि त्याच कार्डानं वारा घेत बसायच्या.

अण्णांची शिट्टी फक्त एका विषयावर वाजत नसे. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गावाकडच्या, मन्नाएखेळ्ळीच्या शेतातल्या सामाईक विहिरीवरून अण्णांनी त्याच्यावर दावा लावला होता. दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं.

गेल्या हिवाळ्यात एका तारखेला सोबत म्हणून मीही कोर्टात गेलो. थोरल्याच्या नावाचा पुकारा झाला, पण तो आला नव्हता, त्याचा वकीलही नाही. अर्धांगाचा झटका येऊन तो गुलबर्ग्याला दवाखान्यात पडलाय, असं गावाकडच्या एकानं सांगितलं. अण्णांच्या वकिलाला आनंद लपवता येईना. "आज एकतर्फी निकाल मागू अण्णा. गोल मोकळा हाय."

अण्णा उठून न्यायाधीशांसमोर उभे राहिले. "साहेब, पुढची तारीख द्या. समोरचा पडलाय."

"काय करायलाव अण्णा!" वकिलानं बाही ओढली.

"गडी पडला की बॉल बाहेर मारायचा असतोय, वकीलसाहेब. मग तो कुठल्या का टीमचा असंना. पोरांना जन्मभर हेच शिकवलंय मी."

तारीख मिळाली. अण्णांनी घरचा रस्ता सोडून गुलबर्ग्याची बस धरली, मीही मागोमाग चढलो. वाटेत त्यांनी कुणाचाही फाउल काढला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली.

थोरल्याचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा पाय निर्जीव पडला होता. धाकट्याला बघून त्याचे डोळे वाहायला लागले, शब्द काही फुटेना. अण्णांनी बाह्या वर सारल्या, खाटेवर बसून तो पाय मांडीवर घेतला आणि पायात गोळा आलेल्या खेळाडूचा चोळतात तसा पिंढरीपासून चोळायला लागले.

"ह्याच पायानं मला चिंध्यांचा बॉल मारायला शिकवलं व्हतं ह्यानं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

बराच वेळ चोळून झाल्यावर ते भावाच्या कानाशी वाकले.

"ऊठ की दादा. खेळ थांबवून ठेवलाय म्या. तू न्हाईस तर मी कुणासंगं भांडू?"