रिझ्क हाजींच्या डाव्या डोळ्याचा फोटो

डोळ्यांत थेंब पडले आणि रिझ्क हाजींना जग पाण्यात बुडाल्यासारखं दिसू लागलं. समोर बायको बसली होती. म्हणजे तिचा काळा झगा बसला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर होता.

"हलायचं नाही," धुरातून नगीयाचा आवाज आला. "गेल्या उरसाला थेंब घालून पळाला होतात."

"पळालो नव्हतो. चहा प्यायला गेलो होतो."

"तो चहा अजून संपला नाही."

दसूक गावच्या उरसात धर्मादाय दवाखान्याचा तंबू दरवर्षी लागे. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो तिथे फुकट निघत, आणि जुना फोटो शेजारी ठेवून डॉक्टरीणबाई मधला डाग वाढला की काय ते पाहत. हाजींचा उजवा डोळा अशाच डागानं निकामी केला होता. डावा शाबूत होता, आणि त्या एकाच्या भरवशावर हाजी अजून नाईलच्या काठी बसून कोळ्यांची जाळी दुरुस्त करून देत. बाईंनी चौकटी आखलेला एक कागद दिला होता. तो फ्रिजवर चिकटवून रोज बघायचा. रेघा वाकड्या दिसल्या की धावत यायचं.

रेघा वाकड्या दिसायला लागून आठवडा झाला होता. जाळ्यातली एक गाठ चुकली तर ज्याची झोप उडते, त्या माणसाला हे कळलं नव्हतं असं नाही. पण नगीयानं विचारलं की हाजी म्हणत, "सुतासारख्या सरळ." फोटोच निघाला नाही तर डाग आहे हे ठरवणार कोण?

त्यातून शेजारच्या तंबूत त्या दुपारी शेख मुतवल्लींचं गाऊन केलेलं प्रवचन होतं. शेख अंध होते, आणि दसूकला पहिल्यांदाच येत होते. त्यांचं गाणं सगळ्या गावानं मोबाइलवर ऐकलं होतं, तोंड कुणी पाहिलं नव्हतं. असं प्रवचन सोडून मशीनपुढे हनुवटी टेकवायची म्हणजे हाजींच्या मते अधर्मच होता.

नगीया नंबर विचारायला उठली. हाजींनी दवाखान्याचा काळा चष्मा चढवला आणि कनात उचलून बाहेर पाऊल टाकलं. बाहेर ऊन असं कोसळलं की उरलंसुरलं दिसणंही गेलं. दोऱ्या चाचपत चार पावलं टाकली, तोच कुणीतरी दंड धरला.

"बाबा, इकडे कुठं निघालात? सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी."

सापडलो, हाजी मनात म्हणाले. नगीयानं माणूस धाडलाच. ते निमूटपणे चालू लागले. त्यांना एका मऊ खुर्चीत बसवलं गेलं आणि तोंडाजवळ काहीतरी गार, गोल येऊन टेकलं. मशीन नवं दिसतंय.

"आधी डावा की उजवा?" हाजींनी विचारलं.

"तुमची मर्जी, बाबा," कुणीतरी अदबीनं म्हणालं.

सगळीकडे शांतता पसरली. बाई खरं उत्तर ऐकायला थांबल्या आहेत अशी हाजींची खात्री झाली.

"सांगूनच टाकतो," ते म्हणाले. आवाज कुठूनतरी लांबून घुमून परत येत होता. मशीनचंच काहीतरी असणार. "डावाही बिघडलाय. रेघा वाकड्या दिसतात. बायको रोज विचारते आणि मी रोज थाप मारतो. डोळ्यात टोचायच्या सुईला भितो, ते तर आहेच. पण तिचा चेहरा दिसेनासा झाला, तर मी घरी आलो हे मला कळायचं कसं?"

"अल्ला..." शेकडो गळ्यांतून एक लांब सुस्कारा आला. कुणीतरी भरल्या आवाजात म्हणालं, "शेखसाहेब, ते शेवटचं पुन्हा एकदा."

हाजींनी चष्मा काढला. धुक्यात फेटेच फेटे दिसत होते, मळ्यात फ्लॉवर लागावा तसे.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण उठला. "मलाही आठवडाभर मिनार वाकडा दिसतोय. मी म्हणत होतो, मिनारच कललाय."

"आणि घरी बोलला नाहीत?" बायकांच्या बाजूनं आवाज आला.

मग दुसरा उठला, मग त्याला धरून तिसरा. बघता बघता तंबू रिकामा झाला आणि मंडळी डोळ्यांच्या तंबूकडे निघाली.

त्या तंबूच्या खांबालाच भोंगा बांधलेला होता. नगीयानं शब्दन् शब्द ऐकला होता. ती आली, हाजींचा हात धरला आणि चालू लागली. हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

"माझा नंबर," हाजी दारावरच्या माणसाला म्हणाले.

"रिझ्क हाजी? तुमचा फोटो झाला की. आत बसलेत ना हाजी." तो अडखळला. "मग ते कोण?"

आत काळा चष्मा हातात धरून शेख मुतवल्ली बसले होते. भरकटलेला पेशंट समजून त्यांना आत आणलं गेलं होतं. फोटो काढणारी मुलगी म्हणाली होती, "हिरव्या फुलीकडे बघा," आणि शेख म्हणाले होते, "मुली, तू ती दाखव, मी तुला जन्मभर दुआ देईन." आता डॉक्टरीणबाई तो फोटो हाजींच्या जुन्या फोटोशेजारी ठेवून घाम पुसत होत्या; वर्षा-दोन वर्षांत कुणाचा पडदा इतका बदलत नाही.

घोटाळा उलगडला, पण रांग काही हटली नाही. हाजींना शेपटाला उभं राहावं लागलं. गेल्या उरसाला पळालेला माणूस आता रांगेतल्या लोकांशी भांडत होता. "मी थेंब घातलेत. मी आधी आलोय. हिला विचारा."

"मला नका विचारू," नगीया म्हणाली. "रांग तुम्हीच लावलीत."

शेखसाहेबांनी रांगेशेजारी खुर्ची मागवली आणि तिथंच गाणं सुरू केलं. शेवटी एकदाचा फोटो निघाला. डाव्या डोळ्यात डाग होता, पण लहान होता. "वेळेत आलात," बाई म्हणाल्या. "उद्याच सुई देऊ. जाळी विणाल अजून."

निघताना शेखसाहेबांनी हाजींचा खांदा चाचपला. "भाऊ, जन्मभर गातोय. लोक रडतात, डोलतात, आणि उठून चहा प्यायला जातात. ऐकून लगेच कामाला लागलेली मंडळी आज पहिल्यांदा भेटली. पुढच्या उरसाला माझ्या आधी दोन शब्द बोलशील?"

हाजी तोंड उघडणार, तेवढ्यात नगीयाच म्हणाली, "बोलतील. पण आधी फोटो, मग माइक."